कार्बोरेटर आणि एक नामंजूर अर्ज

परवा रविवारी आमचा नातू चार मित्रांबरोबर डर्ट बाईक घेऊन जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला ट्रेल रायडिंगला गेला होता. (कुणाच्या तरव्यात गाडी घातली नाही ना, हे मी आधी विचारून घेतलं.) एकाची जुनी कार्बोरेटरवाली गाडी चिखलात बंद पडली. गुडघ्याला गार्ड, हेल्मेटवर कॅमेरा, पण पाच जणांत एक स्क्रू-ड्रायव्हर नाही. शेवटी गाडी टेम्पोतून बेळगावला आली.

मला १९८३ साल आठवलं. खानापूर तालुक्यातल्या शाखेत होतो. पीककर्जाच्या वसुलीला येझदीवरून तांबड्या मातीच्या पाणंदीतून हिंडायचो. आम्ही त्याला ट्रेल म्हणत नव्हतो, ड्युटी म्हणत होतो! एकदा एका थकबाकीदाराच्याच दारात गाडी बंद पडली. त्याच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरानं पेट्रोलचा कॉक बंद केला, खालची वाटी काढली, पायलट जेट तोंडानं फुंकला आणि बैलाच्या शेपटीचा केस त्यातून फिरवला. "तार घालायची नसतिया साहेब, पितळेचं भोक मोठं हुतंय." मग प्लग बघितला. पांढराफटक. "हवा जास्त, पेट्रोल कमी. असंच पळवलासा तर पिस्टन धरंल." एअर स्क्रू जरासा आत घेतला, आवाज ऐकत थांबला, पुन्हा केसभर बाहेर. प्लग कॉफीच्या रंगाचा आला की बरोबर, काळा आला की पेट्रोल जास्त, हे मी बी.कॉम. झालेला माणूस त्या दिवशी शिकलो.

पुढं त्यानं हत्यारांसाठी पाच हजारांच्या कर्जाचा अर्ज केला. बाप थकबाकीदार, तारण काही नाही. मी शेरा मारला, शिफारस नाही. नियमानं बरोबरच होतं. पण बापाचं खातं आणि पोराचा हात या दोन वेगळ्या गोष्टी, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. पोरगा नंतर गोव्याला गेला म्हणे.

आता १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. फ्युएल इंजेक्शन वाईट नाही हो. घाट चढताना हवा विरळ झाली की ते आपोआप पेट्रोल कमी करतं, जेट बदलत बसायला नको. पण जुन्या गाड्या अजून हजारोंनी रस्त्यावर आहेत, आणि कानानं ट्युनिंग करणारे मेस्त्री माझ्या वयाचे झालेत. त्यांच्या हाताखाली पोरं शिकायला हवीत, आणि शिकलेल्यांना बँकांनी कौशल्य बघून पैसे द्यायला हवेत. मी दिले नाहीत म्हणूनच सांगतोय.

तर त्या गाडीचं काय झालं? कॅम्पातल्या मेस्त्रीनं दहा मिनिटांत जेट साफ करून दिला. टेम्पोवाल्याला अडीच हजार मुकाट्यानं देणारी पोरं मेस्त्रीला म्हणतात, "काका, एवढ्याचे दोनशे?"