कान टवकारणारा स्विच

बालमित्रांनो, आपल्या सुकापुरात सकाळी पेपर टाकणारा दादा इमारतीतल्या प्रत्येक दारात पेपर टाकतो का? नाही! ज्यांनी लावलाय, त्यांच्याच दारात टाकतो. सरसकट टाकत सुटला तर पेपरही वाया आणि जिन्यात पसारा. संगणकांच्या जाळ्यातही हाच प्रश्न येतो बरं का!

शाळेत, ऑफिसात संगणकांच्या केबली ज्या खोक्यात येऊन मिळतात, त्याला स्विच म्हणतात. समजा, त्याला २४ दारं, म्हणजे पोर्ट आहेत. एकच चित्रफीत दहा संगणकांना एकाच वेळी बघायची आहे. ती दहादा पाठवली तर वाट तुंबणार. म्हणून ती एकदाच, पण 'गटाच्या' पत्त्यावर पाठवतात. याला म्हणतात मल्टिकास्ट. गटांचे पत्ते २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होतात. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातला राष्ट्रीय शेअर बाजारसुद्धा क्षणाक्षणाचे भाव दलालांना असेच धाडतो.

पण गटाचा पत्ता म्हणजे कुणा एकाचं घर नव्हे. साधा स्विच गोंधळतो आणि माल आला ते दार सोडून उरलेल्या २३ दारांत टाकत सुटतो!

मग उपाय काय? ज्याला गटात यायचंय तो संगणक राउटरला निरोप धाडतो, 'मलाही घ्या.' या निरोपांची रीत म्हणजे आयजीएमपी. तिच्या पहिल्या आवृत्तीचे नियम स्टीव्ह डिअरिंग यांनी १९८९ साली लिहिले. निरोप असतो राउटरला, पण जातो स्विचमधून. हुशार स्विच मधल्यामध्ये कान टवकारतो आणि टिपून ठेवतो, 'दार ५ ला हवंय, दार ९ ला हवंय.' मग माल तेवढ्याच दारांत! या चोरून ऐकण्याला 'स्नूपिंग' म्हणतात. एरवी ही खोड वाईट, इथे मात्र कामाची!

आता सांगा, एखादा संगणक न सांगताच बंद पडला तर? त्यासाठी हजेरी असते. राउटर साधारण दर १२५ सेकंदांनी विचारतो, 'कोण कोण आहे अजून?' सुमारे २६० सेकंद 'हजर' आलं नाही, की नाव कापलं!

पण हजेरी घेणाराच नसेल तर? कुणी 'हजर' म्हणत नाही. कित्येक स्विच मग सगळ्यांचीच नावं कापतात आणि चार-पाच मिनिटांत चालू चित्र थांबतं. केबल धड, संगणक धड, तरी चित्र गायब! माणसं बिचारी केबली तपासत बसतात. म्हणून राउटर विचारत नसेल, तिथे एका स्विचलाच हजेरी घ्यायला नेमावं लागतं.

वर्गात हा खेळ खेळून बघा. एक जण राउटर, एक जण स्विच, बाकीचे संगणक. मग राउटरला मुद्दाम गप्प बसवा आणि स्विचच्या वहीत कुणाचं नाव उरतं ते पाहा!