सागरतळाकडे जाणारी वाट

गोव्याच्या सहलीत दोना पावलाच्या जेट्टीवर छायाचित्रे काढून परतणाऱ्या मराठी कुटुंबांना हाकेच्या अंतरावरील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सहसा दिसत नाही. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या कार्यात ‘गवेषणी’ या संशोधननौकेने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून बहुधातूंचा पहिला गोटा वर काढला. बटाट्याएवढ्या या काळ्या गोट्यांत मँगनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट असते. पुढे १९८७ साली ‘अग्रणी गुंतवणूकदार’ म्हणून नोंद होणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. मध्य हिंदी महासागरातील ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात या गोट्यांच्या शोधाचा अधिकार भारताकडे आहे. तेथे पाण्याची खोली पाच किलोमीटरच्या घरात! २०२१ साली केंद्र सरकारने ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली. यंत्रे येतील, पाणबुडी तयार होईल. पण तळाचा गाळ वाचणारी माणसे कोठून आणायची?

बारावीनंतर संगणकाखेरीज दुसरे काही सुचू नये, ही आपल्या मध्यमवर्गीय घरांची सवय झाली आहे. वास्तविक भूशास्त्रात बी.एस्सी. करून कोची किंवा मंगळूर येथील विद्यापीठांत सागरी भूविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. ती पदवी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेस चालते. त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात प्रवेश मिळतो आणि या खात्याचा सागरी विभाग मंगळूर येथूनच चालतो. १९७४ साली मुंबई हायमध्ये तेल लागल्यापासून तेलक्षेत्रालाही अशा तज्ज्ञांची गरज भासत आली आहे.

मात्र पालकांनी हेही जाणून घ्यावे, की कायम पदे मोजकी असतात. संशोधनाकडे वळणाऱ्यास पीएच.डी.पर्यंतची अनेक वर्षे छात्रवृत्तीवर आणि नंतरचा काळ प्रकल्पातील हंगामी नेमणुकांवर काढावा लागू शकतो. घाईने कमावते होणे ज्या घराची गरज आहे, त्याने हा मार्ग विचारपूर्वकच धरावा.

‘मुलीला जहाजावर कसे धाडायचे?’ हा प्रश्न तर अजूनही घरोघरी ऐकू येतो. त्याचे उत्तर १९८३ सालीच मिळाले आहे. नागपूरच्या डॉ. अदिती पंत या समुद्रशास्त्रज्ञ आणि सुदीप्ता सेनगुप्ता या भूशास्त्रज्ञ त्या वर्षीच्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या होत्या.