उभ्या विमानातील धूर

विमान म्हणजे विक्रोळी-घाटकोपरच्या रहिवाशांना माथ्यावरचा रोजचा आवाज. २८ जून २०१८ रोजी घाटकोपरच्या भरवस्तीत एक छोटे विमान कोसळून पाच जण दगावले, तेव्हापासून त्या आवाजात थोडी धास्तीही मिसळली आहे. परंतु विमान जमिनीवर उभे असले, की त्याबद्दलची भीती आपण अगदीच सोडून देतो. चाके थांबली, संकट टळले, असे मानून प्रवासी डोक्यावरच्या कप्प्याकडे हात नेतो. ही निश्चिंती अनाठायी आहे, असे म्हणणे भाग आहे.

१९ ऑगस्ट १९८० रोजी सौदी अरेबियाच्या एका विमानाने रियाधहून उड्डाण करताच मालकक्षात आग लागली. वैमानिकाने विमान परत फिरविले आणि सुखरूप उतरविलेही. पण ते धावपट्टीवर तत्काळ थांबविले नाही. थांबल्यावर एंजिने बंद व्हायला आणखी तीन मिनिटे गेली, आणि बाहेरच्यांना दार उघडता आले ते त्यानंतर वीस मिनिटांहून अधिक काळाने. आतील ३०१ माणसांपैकी एकही वाचला नाही. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टरला उड्डाण रद्द करून थांबलेल्या विमानात ५५ जण मरण पावले. त्यांतील बहुतेकांचा बळी ज्वाळांनी नव्हे, तर विषारी धुराने घेतला. बैठकांचे फोम आणि भिंतींचे प्लास्टिक जळू लागले, की दोन-चार श्वासांतच माणसाची शुद्ध हरपू शकते. विमानातील सर्व माणसे निम्म्या दारांतून नव्वद सेकंदांत बाहेर पडली पाहिजेत, अशी जी कसोटी नव्या विमानांना लावतात, तिचा अर्थ येथे उमगतो.

मुंबईलाही हा धडा नवा नाही. ४ सप्टेंबर २००९ रोजी रियाधला निघालेल्या एअर इंडियाच्या जंबो विमानाच्या एंजिनाने धावपट्टीकडे जाताना पेट घेतला. कारण इंधनाची गळती. सव्वादोनशेवर माणसे घसरगुंड्यांवरून खाली आली, काहींना किरकोळ इजा झाल्या, आणि एवढ्यावर निभावले. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मस्कतला कोचीकडे निघालेल्या विमानाच्या एंजिनातून धूर निघाला. तेही विमान असेच रिकामे करावे लागले. आखातात राबणाऱ्यांनी भरलेली ही विमाने आहेत, आणि त्यांतून मुंबई-कोकणातली माणसेही जात-येत असतात.

धुराचे मूळ मात्र नेहमी आगच असते असे नाही. विमान उभे असताना केबिनमधील हवा बहुधा शेपटीतल्या छोट्या सहायक एंजिनाकडून येते. त्याचे तेल गळले, तर त्याची वाफ थेट प्रवाशांच्या नाकात जाते. कुबट मोज्यांसारखा वास, डोळ्यांची चुरचुर, डोके जड होणे, ही त्याची लक्षणे. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी गोव्याहून हैदराबादला गेलेल्या विमानाची केबिन धुराने भरली, तीही एंजिनातले तेल हवेच्या वाटेत शिरल्यामुळेच. अशा वेळी हवेचा तो पुरवठा बंद करणे आणि दारे उघडून माणसे शांतपणे जिन्याने उतरविणे पुरते. दिल्लीत २२ जुलै २०२५ रोजी हाँगकाँगहून आलेल्या विमानाच्या या सहायक एंजिनाला आग लागली, तेव्हा प्रवासी उतरतच होते. ते सुखरूप राहिले.

तेव्हा जिना की घसरगुंडी, हा निवाडा कर्मचाऱ्यांचा. घसरगुंडीवर हातपाय मोडतात, म्हणून ती उगाच वापरू नये हे खरे. पण धूर दाट होत असेल, तर विचारविनिमयाला अवसर नसतो. येथे एक खोच आहे. विमान फलाटाला लागले, की दारांची घसरगुंडी निष्क्रिय केलेली असते. ते दार घाईने कोणी उघडले, तर समोर असते सुमारे दहा फुटांची पोकळी. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसानजवळ उड्डाणाच्या तयारीत उभ्या असलेल्या विमानात कप्प्यातील सामानाने पेट घेतला. संशय पॉवर बँकेवर होता. काही प्रवाशांनी आपणच दार उघडले. १७६ जण वाचले, पण सगळीकडे असे सुदैव लाभेलच असे नाही.

आणि पिशव्या! टोकियोत २ जानेवारी २०२४ रोजी जळत्या विमानातून ३७९ माणसे जिवंत बाहेर पडली. ध्वनिक्षेपक बंद पडला होता, आठांपैकी तीनच दारे वापरता आली. तरी माणसे सामान मागे टाकून, ओरडून दिलेल्या हुकुमाबरहुकूम निघाली. आपल्याकडे विमान थांबण्याआधीच कप्पे उघडणारे महाभाग आहेत. त्यांना दंड करण्याबाबत आपण इतके सौम्य का?

विक्रोळीच्या कारखानदारीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. आगीच्या वेळी सुटकेचा मार्ग प्रत्येक कामगाराला ठाऊक असावा आणि त्याची तालीम व्हावी, असे १९४८ च्या कारखाना कायद्यानेच घालून दिले होते. भोंगा झाला, की हातातले हत्यार खाली. मग हा नियम उभ्या विमानात केर काढणाऱ्या, जेवणाच्या ट्रॉल्या चढविणाऱ्या, सामान लादणाऱ्या माणसांना का लागू नये? उपनगरांतल्या वस्त्यांतून रात्रपाळीला विमानतळावर जाणारी ही माणसे कंत्राटी असतात. विमानात त्या वेळी हवाई कर्मचारी नसले, तर धूर दिसताच हुकूम कोणाचा, कोणते दार उघडायचे आणि कोणते नाही, हे त्यांना कोणी सांगावयाचे? विमान कंपनीने, कंत्राटदाराने की विमानतळाने? नागरी उड्डयन महासंचालनालयाने हे उत्तर लेखी मागावे, आणि पाळी सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटांची तालीम या लोकांना समजेल अशा मराठी-हिंदीत सक्तीची करावी.