‘रीडिंग’ जुळवू नका

लोलकाच्या प्रयोगात उत्तर ९८०च्या जवळ आले नाही, की रीडिंग ‘जुळवून’ जर्नलवर सही घ्यायची, हा प्रकार विज्ञान शाखेत शिकलेल्या अनेकांना परिचयाचा आहे. सोलापूरही त्याला अपवाद नाही. अशांनी ओमेगा-सी या कणाची गोष्ट ऐकायलाच हवी.

प्रोटॉनप्रमाणे हा कणही तीन क्वार्कचा बनलेला असतो. मात्र त्यातला एक जड ‘चार्म’ क्वार्क असतो. टकरीतून जन्मल्यावर तो क्षणार्धात फुटून हलक्या कणांत विखुरतो. त्याचे सरासरी आयुष्य सुमारे ६९ फेमटोसेकंद, असे अनेक वर्षे मानले जात होते. फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाचा अब्जावा भाग. चार भावंडांत हाच सर्वांत अल्पायुषी, असा क्रमही ठरून गेला होता.

२०१८ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील एलएचसीबी प्रयोगाने असे सुमारे हजार कण तपासले. उत्तर आले २६८, म्हणजे जवळपास चौपट! शेवटचा भाऊ थेट दुसऱ्या क्रमांकावर गेला. जुना आकडा थोड्या कणांवर बेतलेला होता. तरीही पुस्तकाशी जुळत नाही म्हणून शास्त्रज्ञांनी नवे उत्तर दडपले नाही. तसेच ते एका झटक्यात अंतिमही मानले गेले नाही.

२०२२ मध्ये जपानच्या त्सुकुबा येथील ‘बेल-२’ प्रयोगाने स्वतंत्र पडताळणी केली. तिथे प्रोटॉनऐवजी इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची टक्कर होते. उत्तर आले २४३. त्रुटीची मर्यादा धरता ते २६८शी जुळणारेच. एवढा अल्प काळ कोणत्याही घड्याळात मावत नाही. कण कुठे जन्मला आणि कुठे फुटला, यांतले केसाच्या जाडीइतके सूक्ष्म अंतर व कणाचा संवेग यांवरून तो काढतात. ‘बेल-२’मध्ये हे अंतर टिपणाऱ्या सिलिकॉन शोधकयंत्राच्या चौथ्या थराची जबाबदारी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने पेलली, ही आपल्या अभिमानाची बाब.

या मोजमापाने उद्या कुणाच्या घरात दिवा लागणार नाही. पण रक्ताचा अहवाल असो वा पाण्याची तपासणी, आकड्यावर विश्वास ठेवायचा तर तो प्रामाणिकपणे मोजणारी माणसे हवीत. ती घडतात कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत. म्हणून शिक्षकांनी गुण द्यावेत ते ९८०ला नव्हे. आलेले रीडिंग जसेच्या तसे लिहून ‘फरक का पडला?’ हे शोधणाऱ्या विद्यार्थ्याला.