सगळं पूर्ववत झालं, म्हणजे काय झालं?

2020 सालच्या जून महिन्यातली गोष्ट. ‘मिशन बिगिन अगेन’ म्हणत महाराष्ट्र सरकारने टाळेबंदीचे निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल करायला सुरुवात केली होती. पुण्यातल्या ज्या वस्तीत मी काम करते, तिथल्या बचत गटाच्या बायका जवळजवळ तीन महिन्यांनी एकत्र जमल्या. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत, तोंडाला पदर नाहीतर ओढणी बांधून, लांब लांब बसून. ख्यालीखुशाली विचारून झाल्यावर एक जण म्हणाली, “ताई, लॉकडाऊनमध्ये आमचे हे भाकरी थापायला शिकले होते. परवापासून कामावर जायला लागले, आणि विसरलेसुद्धा!” सगळ्या खळखळून हसल्या. मीही हसले.

घरी येताना मात्र ते हसू टिकलं नाही. सायकल चालवायला शिकलेला माणूस ती विसरत नाही. मग भाकरीच चार दिवसांत कशी विसरली जाते? खरं तर तो काही विसरला नव्हता. शेजारणीकडून उसनी आणलेली वाटी परत करावी, तसं त्याने ते काम जिचं होतं तिला परत केलं होतं. आणि तिनेही ते निमूटपणे घेतलं होतं.

टाळेबंदीबद्दल आता आपण फारसं बोलत नाही. नको त्या आठवणी, असं म्हणून सोडून देतो. पण निर्बंध उठताना आपल्या घरांमध्ये जे घडलं, ते आपल्या चळवळीच्या दृष्टीने तपासायला हवं असं मला वाटतं. कारण टाळेबंदीने घरातल्या श्रमविभागणीला थोडा तरी धक्का दिला होता. कामाच्या बाया येणं बंद झालं. हॉटेलं, खानावळी बंद झाल्या. ऑफिसला जाणारा पुरुष चोवीस तास घरात बसला. भांडी कोण घासतं, पाणी कोण भरतं, दिवसातून किती वेळा चहा होतो, हे त्याला डोळ्यांनी दिसलं. अनेक घरांत पुरुषांच्या हातात झाडू आला, त्याचे फोटोही फिरले. आमच्यासारख्या कार्यकर्त्यांना आशा वाटली, की आपल्या आधीच्या पिढीतल्या बायका शिबिरांमधून आयुष्यभर जे सांगत आल्या, ते या संकटाने का होईना, घराघरांत शिरेल.

शिरलं का? केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली आणि पुन्हा 2024 साली लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. टाळेबंदीच्या आधीची एक, नंतरची एक. 2019 साली बाई घरातल्या बिनमोल कामांना दिवसाकाठी सरासरी 299 मिनिटं देत होती, पुरुष 97 मिनिटं. 2024 साली बाईची मिनिटं झाली 289 आणि पुरुषाची 88. ही सरासरीसुद्धा जे घरकाम करतात त्यांच्यापुरतीच आहे. 2019 च्या पाहणीत असं काम करणाऱ्या बायका होत्या शेकडा 81 आणि पुरुष शेकडा 26. म्हणजे चारांतले जवळजवळ तीन पुरुष या हिशेबात आलेच नाहीत. बाईची दहा मिनिटं कशामुळे कमी झाली असतील ते असो. पुरुषाने ती उचलली म्हणून नव्हे, एवढं तर दुसरा आकडा सांगतोच. त्याचीही मिनिटं कमीच झाली आहेत.

असं का झालं, याचं एक उत्तर निर्बंध ज्या क्रमाने उठले त्या क्रमात आहे. 4 मे 2020 ला, टाळेबंदी चालू असतानाच, दारूची दुकानं उघडायला परवानगी मिळाली आणि राज्यात ठिकठिकाणी रांगा लागल्या. आमच्या वस्तीतल्या बायकांनी रेशनसाठी जो पैसा जपून ठेवला होता, तो त्या आठवड्यात काही घरांतून गेला आणि त्याबरोबर मारहाणही आली. ‘घरी राहा, सुरक्षित राहा’ असं आपण सगळेच एकमेकांना बजावत होतो. ज्या बाईला घरातच मार बसतो, तिला फोन करायलाही नवरा घराबाहेर पडेपर्यंत थांबावं लागत होतं. जूनमध्ये पुरुष कामावर जाऊ लागले, तेव्हा असे फोन आम्हाला येऊ लागले.

मुंबईचं उदाहरण घ्या. लोकल गाड्या अत्यावश्यक सेवेतल्या लोकांपुरत्या चालू होत्या. 21 ऑक्टोबर 2020 पासून सर्व स्त्रियांना प्रवासाची परवानगी मिळाली, ती सकाळी 11 ते दुपारी 3 आणि संध्याकाळी 7 नंतर. गर्दी टाळण्यासाठी या वेळा ठरवल्या होत्या, हे मान्य. पण नऊ-साडेनऊला कामावर हजर व्हायचं असतं अशा बाईचा विचार त्यात कुठे होता? घरचं सगळं आटपून अकराला निघावं आणि तीनच्या आत परतावं, हेच बाईचं वेळापत्रक, असं गृहीत धरल्यासारखं ते होतं.

आणि शाळा? पहिली ते सातवीचे वर्ग शहरांमध्ये उघडायला सरकारी परवानगी मिळाली ती 1 डिसेंबर 2021 पासून. पुण्या-मुंबईत त्याला आणखी दोनेक आठवडे लागले. दुकानं, कारखाने, ऑफिसं, हॉटेलं केव्हाच सुरू झाली होती. शाळा उशिरा उघडण्यामागे मुलांच्या तब्येतीची काळजी होती, ती खोटी नव्हती. पण दीड वर्षाहून अधिक काळ ही मुलं दिवसभर कुणाजवळ होती? एका मोबाइलवर दोन मुलांचे वर्ग कोण सांभाळत होतं? त्यासाठी किती आयांनी काम सोडलं, किती घरांत मोठ्या मुलीला धाकट्यांपाशी बसवलं? वर्ग उघडल्यावर त्यातल्या काही मुली परत आल्याच नाहीत. त्यांची लग्नं झाली होती. बाहेरचं जे जे बंद पडलं, ते घरात आणून टाकलं गेलं, आणि घर म्हणजे बाई.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल बोलणं आपल्याला अवघड जातं. पुरुषाने परत केलेलं काम सगळं घरच्या बाईवर पडलं असंही नाही. मध्यमवर्गीय घरांत ते आणखी एका बाईकडे गेलं. पण तिला आत घेताना काय झालं? अनेक सोसायट्यांनी घरकामगारांना फाटकाशीच अडवलं. साहेब ऑफिसला जाऊन आले तर चालत होतं, पार्सलवाला चालत होता, पण बाईमुळे रोग येईल ही भीती. सोसायट्यांनी परस्पर बंदी घालू नये, असं प्रशासनाला सांगावं लागलं. कुठे लिफ्ट बंद, कुठे चहाचा कप वेगळा. हा वेगळा कप आपल्याकडे फार जुना आहे, आजाराने फक्त त्याला नवं कारण दिलं. टाळेबंदीतल्या महिन्यांचा पगार काही घरांनी पूर्ण दिला, काहींनी अर्धा, बऱ्याच घरांनी काहीच नाही. चार घरं करणारी आमच्या गटातली एक जण जूनमध्ये परत गेली, तेव्हा एका घरी तिला सांगितलं, “आता आम्हाला सवय झाली आहे, भांडी आम्हीच घासतो. फक्त फरशी कर.” पगार निम्मा झाला. ऑगस्टमध्ये भांडी पुन्हा तिच्याकडे आली. पगार मात्र निम्माच राहिला.

पुण्यातल्या मोलकरणींनी 1980 साली उत्स्फूर्त संप केला होता. पगारवाढ आणि भरपगारी रजा या त्यांच्या मागण्या होत्या. 2008 साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण त्यात कल्याणाच्या योजना आहेत, पगाराची आणि रजेची हमी नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले, तेव्हा सरकारने नोंदणीकृत घरेलू कामगारांना 1500 रुपये जाहीर केले. आमच्या वस्तीतल्या कितीतरी जणींची नोंदणीच नव्हती. त्यांना तेही मिळाले नाहीत.

या पगाराच्या आणि रजेच्या प्रश्नावरून भांडण नेहमी दोन बायकांमध्ये लागतं. घरची बाई म्हणते, मला परवडत नाही, मीही दमते. कामाची बाई म्हणते, माझं पोट आहे. दोघींचंही खरं असतं. आणि ज्याने काम परत केलं, तो या भांडणात कुठेच नसतो. तो आतल्या खोलीत असतो.

यावर काही मैत्रिणी म्हणतात, पुरुषांना करू द्यायला आपणच तयार नसतो. त्यांनी घासलेली कढई आपण पुन्हा घासतो. हे मीही केलं आहे, नाकारत नाही. पण कढई नीट घासायला आपल्यालाही कुणी जन्मतः शिकवलेलं नव्हतं. बोलणी खात खातच शिकलो. तेवढी मुभा त्यालाही मिळायला हवी. मात्र शिकून झाल्यावर विसरण्याची मुभा मिळता कामा नये.

म्हणून मला वाटतं, ‘मदत’ हा शब्द आपण घरातून काढून टाकावा. मदत केव्हाही थांबवता येते. एक तरी काम पूर्णपणे त्याचं असावं. डबे असोत, संध्याकाळचा स्वयंपाक असो, मुलांचा अभ्यास असो. तो आजारी असला तरच दुसऱ्याने करायचं. ज्यांच्या घरी कामाला बाई येते, त्यांनी पगार, आठवड्याची सुट्टी आणि भरपगारी रजा कागदावर लिहून द्यावी, आणि ती बोलणी घरातल्या पुरुषानेही समोर बसून करावीत. आणि पुढे कधी असं संकट आलंच, तर काय बंद ठेवायचं, काय आधी उघडायचं, हे ठरवताना घर चालवणाऱ्या बायकांना विचारलं जावं, ही मागणी आपण संघटनांनी आतापासूनच लावून धरायला हवी.

वस्तीतल्या त्या बैठकीत भाकरीवरून आम्ही हसलो, तेव्हा खरं तर विचारायला हवं होतं, “का गं, परत का घेतलंस?” तेव्हा राहून गेलं. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा प्रश्न जरूर घ्या. कुणाच्या घरी टाळेबंदीत पुरुषाने उचललेलं एखादं काम आजही त्याच्याचकडे टिकून असेल, तर ते कसं टिकलं, हे आम्हाला लिहून कळवा. त्याची आपल्या सगळ्यांना गरज आहे.