दादाचा मायक्रोफोन

आमच्या दादाला दोन व्यसने होती. एक चहाचे, दुसरे माउथऑर्गनचे. पहिल्याबद्दल घरात कोणाची तक्रार नव्हती. दुसरे त्याने शिकागोच्या नोकरीत लावून घेतले, आणि निवृत्त होऊन मुंबईला परतला तेव्हा सामानात एक ठेंगणा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणि मुठीत मावणारा, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा मायक्रोफोन घेऊन आला. "अहो, आवाज कमी करा!" हे वहिनींचे वाक्य तेव्हापासून आमच्या जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना पाठ झाले.

वाचक विचारतील, माउथऑर्गनला अ‍ॅम्प्लिफायर कशाला? सहलीच्या बसमध्ये तर तो तसाच ऐकू येतो. खरे आहे, पण शिकागोच्या गुत्त्यांत विजेच्या गिटारीपुढे बिचाऱ्याचा टिकाव लागेना. तेव्हा लिटल वॉल्टरसारख्यांनी बाजा आणि मायक्रोफोन एकाच मुठीत आवळून धरले. १९५२ साली त्याने 'ज्यूक' ही नुसत्या वादनाची तबकडी वाजवली आणि ती 'बिलबोर्ड'च्या रिदम अँड ब्लूज यादीत आठ आठवडे पहिली राहिली. मुठीत कोंडल्यामुळे वरचे किनरे सूर दबतात, आवाज जाड होतो आणि व्हॉल्व्ह त्या भाराखाली गुरगुरू लागतात. रेडिओ दुरुस्त करणारा ज्याला बिघाड म्हणेल त्यालाच ही मंडळी टोन म्हणतात!

२०१८ साली दादा गेला. त्याचे सामान मी सांभाळायला घेतले, म्हणजे माळ्यावर टाकले. गेल्या वर्षी पुतणी आली. "काका, बाबांचा माईक द्या ना. कॉलेजात वाजवायचंय."

स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला (अमेरिकेची वीज १२० व्होल्टची, आपल्या २३० वर तो अ‍ॅम्प्लिफायर क्षणात जळाला असता), व्हॉल्व्ह तापले, पोरीने फुंकर मारली, आणि आवाज आला तो डासाचा. उघडून पाहिले. आत क्रिस्टल होता, रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा. दाबला की वीज देतो. पण पाण्यात विरघळणारी जात! दमट हवा त्याला सोसत नाही आणि उन्हात तापलेली मोटारही नाही. मी त्याला मुंबईचे पावसाळे ओळीने दाखवले होते. दादा तो रेशमी पिशवीत घालून कपाटात का ठेवी, ते तेव्हा कळले. चार दिवस वहिनींना सांगायची छाती झाली नाही.

नवा गाभा बसवायचा तर कोणता? सिरॅमिकचा दमटपणाला भीत नाही, पण मला त्याचा आवाज जरा कोरडा वाटला. दुसरा चुंबकाचा; श्युअर कंपनीने १९४९ साली काढलेल्या 'ग्रीन बुलेट'मध्ये असे, त्या वळणाचा. आवाज गडद, थोडा घोगरा. पोरीने तोच पसंत केला. कवच मात्र दादाचेच ठेवले, त्याच्या अंगठ्याने रंग गेलेले.

आता आवाज आला, पण मागोमाग लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकर मारतो तशी शिट्टी! गिटारीचे अ‍ॅम्प्लिफायर गिटारीच्या नाजूक सिग्नलसाठी बांधलेले. मुठीतला मायक्रोफोन मुळातच ओरडत येतो. पहिल्या खोबणीत १२ एएक्स ७ हा व्हॉल्व्ह होता, त्याचा वर्धनांक १००. मी वीज बंद करून, काच निवल्यावर, तिथे १२ एयू ७ बसवला. पाया तोच, वर्धनांक विसाच्या आत. शिट्टी गेली, पण वादनातला दमही गेला. मग मधला, १२ एवाय ७, चाळीसच्या आसपासचा. पन्नाशीच्या दशकातल्या फेंडर बासमनमध्ये पहिल्या जागी हाच असे, आणि दहा इंची चार स्पीकरांचा तो अ‍ॅम्प्लिफायर पुढे बाजावाल्यांचा लाडका झाला. आता आवाज वाढवता येऊ लागला, आणि गुरगुर शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हमधून येऊ लागली, छातीतून आल्यासारखी.

पोरगी सी पट्टीचा बाजा घेऊन जी मध्ये वाजवत होती, श्वास आत ओढत, सूर वाकवत, अगदी दादासारखी. वहिनी पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी सवयीने बटणाकडे हात नेला.

"राहू द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या, "जरा मोठा करा."