रात्रीचे तापमान आणि आपली खोली

उन्हाळ्यात आपण बातम्यांतील कमाल तापमान पाहून घरातील वडीलधाऱ्यांची काळजी घेतो. वयोवृद्धांच्या दृष्टीने रात्रीचा आकडाही तितकाच महत्त्वाचा असतो. ग्रीसची राजधानी अथेन्स हिचा अनुभव यासंदर्भात जाणून घेण्याजोगा आहे.

भूमध्यसागरी हवामानात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. अथेन्सच्या भोवती डोंगर व एका बाजूस समुद्र आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे काँक्रीटच्या बहुमजली इमारती दाटीवाटीने उभ्या राहिल्या. भिंती आणि डांबरी रस्ते दिवसभर उष्णता साठवतात व रात्री ती सावकाश बाहेर टाकतात. अरुंद गल्ल्यांतून ती लवकर निसटत नाही. झाडे थोडी, त्यामुळे बाष्पीभवनाने मिळणारा गारवाही कमी. असे शहर सभोवतालच्या प्रदेशाहून उष्ण राहते. यालाच ‘नागरी उष्णताबेट’ म्हणतात.

ते मोजण्याची रीत सोपी आहे. शहरातील आणि शहराबाहेरील मोकळ्या जागेतील हवेचे तापमान एकाच वेळी नोंदवून त्यांतील फरक काढतात. तापमापक सावलीत, हवेशीर पेटीत, साधारण माणसाच्या उंचीवर ठेवतात. डोंगरावरची हवा उंचीमुळेच थंड असते, म्हणून तुलनेची जागा विचारपूर्वक निवडावी लागते. उपग्रह छपरांचे व रस्त्यांचे तापमान टिपतो. ते हवेचे तापमान नव्हे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री हा फरक विशेष जाणवतो.

जुलै १९८७ मध्ये ग्रीसमध्ये उष्णतेची तीव्र लाट आली. त्या दिवसांत अथेन्समधील मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. देशातील इतर शहरांत ही वाढ सुमारे एकतृतीयांश होती. अथेन्सच्या प्रदूषित हवेचाही त्यात वाटा असावा, असे संशोधकांनी मांडले. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री विसावा हवा असतो. उतारवयात घाम कमी येतो, तहान उशिरा जाणवते आणि हृदयावरील ताण वाढतो. अशा वेळी उकाड्याची रात्र अधिक घातक ठरते.

आपल्याकडील शहरांतही स्लॅब आणि भिंती याच रीतीने तापतात, विशेषतः वरच्या मजल्यावर. म्हणून ज्येष्ठांच्या खोलीत एक साधा तापमापक ठेवावा. भिंत, खिडकी आणि विजेची उपकरणे यांपासून दूर, पलंगाच्या उंचीवर. रात्री झोपताना व पहाटे आकडा वहीत लिहावा. पहाटेही खोली गार होत नसेल, तर झोपण्याची जागा बदलावी. शक्य असल्यास खालच्या मजल्यावर न्यावी. दिवसा पडदे लावावेत आणि बाहेरची हवा आतल्याहून थंड झाली की खिडक्या उघडाव्यात. अतितप्त हवेत केवळ पंख्यावर विसंबू नये. ओल्या कपड्याने अंग पुसावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण आणि लघवी वाढवणारी औषधे यांविषयी उन्हाळ्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. औषध परस्पर बंद करू नये.

बोलणे असंबद्ध होणे, अंग अतिशय तापणे किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी घालून वारा घालत राहावे. शुद्ध नसलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.